तळघरातला कार्बोरेटर

रॉकेलचा स्टोव्ह ज्यांच्या घरात होता, त्यांना पिन मारणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. निळी ज्योत मध्येच पिवळी पडायची, पातेल्याचं बूड काळं व्हायला लागायचं, मग फळीवरची पिन हुडकली जायची. पत्र्याची लांबट पट्टी, टोकाला केसासारखी तार. निपलच्या भोकात ती दोनदा टोचली की स्टोव्ह पुन्हा फरफरू लागायचा. सगळ्या घराचा चहा त्या एका भोकात अडकलेला असायचा. तार मोडून आतच राहिली, तर मात्र घरात कुणाचा तरी उद्धार ठरलेला.

हा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली बाजारात आला. पुढच्याच वर्षी युरोपात तसल्याच आणखी एका बारीक भोकाचा जन्म झाला. ते चुलीत नव्हतं, इंजिनात होतं. त्याचं नाव जेट, आणि ते ज्या यंत्रात बसतं तो कार्बोरेटर. त्याचा इतिहास लिहिताना सगळे मोटारी आणि मोटरसायकलींकडेच वळतात. पण घरच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडून बसण्याची रीत सगळ्यात घट्ट रुजली ती रस्त्यावरच्या गाड्यांमुळे नाही. ती रुजली तळ्याकाठी, होडीच्या मागच्या फळीला अडकवायच्या आऊटबोर्ड मोटरमुळे.

कारण अगदी साधं आहे. ही मोटर दोन स्क्रू सैल केले की सुटते, खांद्यावर टाकता येते आणि घरी आणता येते. बोटीच्या पोटातलं इंजिन बिघडलं तर मिस्त्रीला धक्क्यावर यावं लागतं. आऊटबोर्ड स्वतःच घरी येते, आणि घरी आलेली वस्तू घरच्यांनी उघडायची हे ओघानंच आलं.

त्या वस्तूच्या आत काय चालतं ते आधी पाहू. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते त्याची वाफ, तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली. वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा. सुरुवातीच्या इंजिनांत ही वाफ मिळवायची पद्धत ओबडधोबड होती. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून किंवा पेट्रोलमध्ये भिजलेल्या वातींवरून हवा ओढून घ्यायची. ऊन असेल तर वाफ जास्त, गारठा असेल तर कमी. इंजिनाचा मूड हवामानावर. १८९३च्या फेब्रुवारीत बुडापेस्टमधल्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी पेट्रोलचा फवारा उडवणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी जर्मन अभियंते विल्हेल्म मायबाख यांचाही फवाऱ्याचा कार्बोरेटर आला. रस्त्यावरची एक फुलवाली नळीत फुंकर घालून फुलांवर पाण्याचे तुषार उडवत होती, ते पाहून हंगेरियन जोडीला युक्ती सुचली अशी कथा सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण यंत्र समजावून सांगायला तिच्याहून चांगली कथा नाही.

फुंकर मारायचं काम इंजिनच करतं. पिस्टन हवा ओढतो, ती एका नळीतून जाते आणि नळी मध्यावर मुद्दाम चिंचोळी केलेली असते. चिंचोळ्या जागी वाहणाऱ्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन अभ्यासकानं १७९७ मध्येच लिहून ठेवलं होतं. दाब घटला की खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर खेचलं जातं आणि त्याचे तुषार होतात. मिस्त्री त्या वाटीला बाऊल म्हणतात. बाऊलमधली पातळी सांभाळतो फ्लोट. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि नीडल दाबून वाट बंद करतो, कमी झालं की खाली जाऊन वाट मोकळी करतो. घरातल्या फ्लशच्या टाकीत जे चालतं तेच, फक्त चहाच्या कपाएवढ्या जागेत. जेटचं भोक लहान इंजिनात मिलिमीटरभरही नसतं. संथ चालीसाठी वेगळा जेट असतो, त्याचं भोक आणखी बारीक. आपल्याकडे गॅरेजवाला गाडीचा आवाज ऐकून ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक या दुसऱ्या भोकाविषयी बोलत असतो.

आता तळ्याकडे.

होडीला सुटी मोटर लावायची कल्पना एकाच डोक्यातून निघालेली नाही. पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह त्रुव्हे यांनी १८८१ मध्येच सेन नदीत विजेवर चालणारी सुटी मोटर होडीला लावून दाखवली होती. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन या कायद्याच्या विद्यार्थ्यानं १९०५ मध्ये डेट्रॉइट नदीत पेट्रोलवर चालणारी मोटर आजमावली आणि १९०७ मध्ये पेटंट मिळवलं. तरी लोकांच्या तोंडी नाव बसलं ते ओले एव्हिनरूड यांचं. ते १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मले, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिनच्या शेतीत वाढले. मिलवॉकी शहरात त्यांचं नमुने बनवायचं छोटं वर्कशॉप होतं.

त्यांची आइस्क्रीमची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. १९०६च्या उन्हाळ्यात ओकाउची तळ्यावर सहल निघाली. ओलेंची वाग्दत्त वधू बेस हिला आइस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान पलीकडच्या काठाला, अडीच मैलांवर. ओले वल्हवत गेले, वल्हवत आले, आणि आइस्क्रीम वाटेतच वितळलं. त्या घामातून मोटर जन्मली म्हणतात. पहिला नमुना पाहून बेसनं तो कॉफी दळायच्या यंत्रासारखा दिसतो असा शेरा मारला, असंही सांगतात. १९०९ मध्ये विक्रीला आलेली मोटर दीड अश्वशक्तीची होती. तिचं वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर. डॉलरला पौंडभर यंत्र, मंडईत शोभावा असा भाव. ती सुरू करायला वरच्या फ्लायव्हीलला लावलेली मूठ धरून गरकन फिरवावी लागे. इंजिनानं उलटा झटका दिला की ती मूठ बोटांच्या पेरांवर आदळे.

यंत्र ओलेंचं, पण धंदा बेसनं उभा केला. हिशेब तिचे, पत्रव्यवहार तिचा, आणि वल्ही टाकून मोटर वापरा असं सांगणारी जाहिरातही तिच्याच डोक्यातून निघालेली. या जाहिराती शेतकऱ्यांपर्यंत, जंगलात राहणाऱ्यांपर्यंत आणि थेट स्कँडिनेव्हियाच्या मच्छिमारांपर्यंत पोचल्या. गिऱ्हाईक असं चहूकडे पसरलेलं असताना मिस्त्री कुठून आणायचा? टपालानं किंवा रेल्वेनं आलेलं इंजिन बिघडलं म्हणून पुन्हा मिलवॉकीला पाठवायचं, तर निम्मा उन्हाळा त्यातच जाणार. तेव्हा मालकालाच मिस्त्री करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मोटरीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं, प्लग कसा पुसायचा, कार्बोरेटरची नीडल किती वळसे उघडी ठेवायची, हे सगळं असायचं.

बेसची तब्येत ढासळली म्हणून १९१४च्या सुमारास ओलेंनी कंपनी भागीदाराला विकली. काही वर्षांनी दोघं नव्या दमानं परतले ते ॲल्युमिनियमची, दोन सिलिंडरची ‘एल्टो’ घेऊन. वजन ४८ पौंड. लगोलग इंडियानातल्या जॉन्सन बंधूंनी ३५ पौंडांची मोटर काढली. मोटर जितकी हलकी होत गेली तितकी ती सहज घरात येऊ लागली. आधी गोठ्यापर्यंत, मग गॅरेजपर्यंत, शेवटी जिना उतरून तळघरापर्यंत.

तळघर हे तिथल्या घराचं आपल्या माळ्यासारखं प्रकरण. विस्कॉन्सिनमध्ये पंधरा हजारांवर तळी आहेत, आणि हिवाळ्यात ती गोठतात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत होडी पालथी आणि मोटर तळघरात लाकडी घोडीला टांगलेली. पेट्रोलला हा मुक्काम मानवत नाही. बाऊलमध्ये राहिलेल्या चमचाभर पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन त्याचा चीक होतो, आधी मधासारखा आणि मग वाळलेल्या व्हार्निशसारखा. त्याला वासही जुन्या रंगाच्या डब्याचा येतो. वसंतात बर्फ फुटल्यावर मालक दोरी ओढत बसतो आणि मोटर नुसती फुरफुरते. कित्येक घरांत मासेमारीच्या हंगामाची सुरुवात अशी तळघरातच होई.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. बाऊलचे चार स्क्रू काढायचे. पितळ मऊ, तेव्हा पेचकस खाचेत नीट बसलेलाच हवा. बाऊल खाली घेताना पॅकिंग फाटतं, ते नवं आधीच आणून ठेवायचं. तळाशी हिरवट साखा दिसला तर समजायचं की पाणी शिरलं होतं. फ्लोटची बारीक पिन ओढून काढायची आणि लगेच डबीत टाकायची, कारण ती एकदा फटीत घरंगळली की गेली. नीडलचं टोक नखावर फिरवून पाहायचं, त्याला कड लागली तर ती झिजलेली. मग जेट काढून उजेडासमोर धरायचा. भोकातून गोल उजेड दिसला तर ठीक, अर्धचंद्र दिसला तर कचरा. सगळे भाग द्रावणात बुडवायचे, नंतर हवेचा झोत मारायचा. पूर्वी सायकलच्या पंपावर काम भागे. जोडणी उलट्या क्रमानं. सगळ्यात शेवटी एक स्क्रू उरतो. तो कुठला, हे ज्याचं त्यानं शोधायचं असतं.

बुडवायच्या द्रावणांचाही एक वेगळाच इतिहास आहे. बाजारात मिळणारी जुनी द्रावणं इतकी जहाल असत की हाताची सालटी निघत. म्हणून हौशी लोकांनी स्वयंपाकघरातले उपाय शोधले. लिंबाच्या रसात कार्बोरेटर उकळणारे लोक अमेरिकेत आजही आहेत. पितळी समई चिंचेनं घासणाऱ्या घरातल्या माणसाला यात नवल वाटू नये. आंबट लागलं की पितळ उजळतंच. फक्त कार्बोरेटरचं अंग ॲल्युमिनियमचं असेल तर आंबटात ते काळवंडतं. आणि तळघराचा एक धोका कुणीच विसरू नये असा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि तिथल्या तळघरांत पाणी तापवायच्या गॅसच्या बंबात एक छोटी ज्योत कायम तेवत असते. अशा आगी लागल्या आहेत.

जुन्या कार्बोरेटरमधला फ्लोट बुचाच्या लाकडाचा, म्हणजे कॉर्कचा असे. कॉर्क पेट्रोल पितो आणि जड होऊन बुडतो, म्हणून त्याच्यावर लाखेचा पातळ थर चढवायचे. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मोठा देश भारत होता. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी धरलेली ही लाख छोटा नागपूरच्या जंगलातून गोळा होऊन कलकत्त्यातून बाहेर जाई. तिच्या ग्रामोफोनच्या तबकड्या झाल्या हे अनेकांना माहीत असतं. झारखंडच्या जंगलातली लाख विस्कॉन्सिनच्या तळ्यावरच्या मोटरीत तरंगत होती, हे सहसा कुणी सांगत नाही. लाखेला पेट्रोल बाधत नाही. तिला विरघळवतो तो अल्कोहोल. जुन्या फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला हे पाठ असतं; चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच तो बोळा फिरवतो. ही गोष्ट पुढे फार महागात पडणार होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर आऊटबोर्डचे सोन्याचे दिवस आले. सैनिक घरी परतले होते, हातात पैसा होता, आठवड्याला दोन दिवस सुट्टी होती. अनेकांनी या मोटरी युद्धातच पाहिल्या होत्या. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन नदी ओलांडणाऱ्या हल्ल्याच्या होड्यांना आऊटबोर्डच लावलेल्या होत्या. पन्नाशीच्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरींच्या दर्शनी भागावर कार्बोरेटरच्या दोन नीडलींच्या मुठी असत, एक वेगवान चालीची आणि एक संथ. तळ्याच्या मध्यावर, हवा थंड झाली म्हणून किंवा पेट्रोल निराळं म्हणून, मालक मूठ पाव वळसा फिरवून आवाज जुळवून घेई. तंबोरा लावावा तसं. ज्यानं ती मूठ फिरवली त्याला तिच्या टोकाला काय आहे हे पाहायची इच्छा होणारच. त्या दोन मुठींनी जितके घरगुती मिस्त्री तयार केले तितके कुठल्याही पुस्तिकेनं केले नसतील.

दुरुस्तीतून आख्खी कंपनी उभी राहिल्याचं उदाहरणही विस्कॉन्सिनमधलंच. १९३९ मध्ये कार्ल कीकहेफर या तरुण अभियंत्यानं सीडरबर्ग गावातला एक बुडीत कारखाना घेतला. त्याला आऊटबोर्ड बनवायच्याच नव्हत्या. पण गोदामात ‘थॉर’ नावाच्या ३०० मोटरी पडून होत्या. टपालानं माल विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्ड या बड्या दुकानदारानं त्या सुरू होत नाहीत म्हणून नाकारल्या होत्या. हाती पैसे यावेत म्हणून कीकहेफरनं त्या खोलल्या, सुधारल्या आणि त्याच दुकानदाराला परत विकल्या. दुकानदारानं आणखी मागवल्या. तीच कंपनी पुढे ‘मर्क्युरी’ झाली आणि आजही जगातल्या सर्वांत मोठ्या आऊटबोर्ड उत्पादकांत तिची गणना होते.

मग जपानी आले. यामाहाची पहिली आऊटबोर्ड १९६० सालची. होंडानं १९६४ मध्ये फोर-स्ट्रोक मोटर काढली, आणि सुझुकी त्याच दशकात उतरली. जपान्यांनी एक गोष्ट हेरली. जगातल्या बहुसंख्य होड्या आइस्क्रीम आणायला जात नाहीत, त्या मासे पकडायला जातात. अशा गिऱ्हाइकासाठी रॉकेलवर चालणाऱ्या मोटरी निघाल्या, आणि त्याच आपल्या किनाऱ्यावर पोचल्या. केरळात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पारंपरिक वल्ह्याच्या होड्यांना आऊटबोर्ड लागायला लागल्या आणि बघता बघता किनाऱ्याचं रूप पालटलं. गोव्यात ट्रॉलरविरुद्ध रापणकारांनी, म्हणजे काठावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छिमारांनी, १९७०च्या दशकात आंदोलन उभं केलं होतं. पुढे त्याच किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांनाही मोटरी लागल्या. सरकारी कागदात त्यांचं नाव ‘ओबीएम’, आणि सिंधुदुर्गापासून कारवारपर्यंत तेच नाव तोंडात बसलं.

इथे कार्बोरेटर साफ करणं हा सुट्टीतला छंद नव्हता. मोटर बंद म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. रॉकेलच्या मोटरीची तऱ्हाही न्यारी. होडीत दोन टाक्या, छोटी पेट्रोलची आणि मोठी रॉकेलची. रॉकेल सहजी वाफ होत नाही, म्हणून मोटर सुरू करायची पेट्रोलवर, ती तापली की नळ फिरवून रॉकेलवर घ्यायची. परतताना किनारा दिसू लागला की पुन्हा पेट्रोल, म्हणजे बाऊलमधलं रॉकेल जळून संपतं. दमलेला माणूस हे विसरला की दुसऱ्या पहाटे हाल. थंड इंजिन, बाऊलभर रॉकेल, दोरी ओढून ओढून खांदा उतरलेला. मग विजेरीच्या उजेडात वाळूवर फडकं अंथरून बाऊल खोलायचा आणि रिकामा करायचा. तेवढ्यात शेजारच्या होड्या निघून गेलेल्या असतात.

रेशनचं निळं रॉकेल, खारी हवा आणि वाळू या तिघांनी मिळून जेटची जी अवस्था केली असेल ती विस्कॉन्सिनच्या गोड्या पाण्यातल्या मोटरींना स्वप्नातही दिसली नसेल. सुटे भाग आयात करावे लागत. दक्षिणेतल्या मच्छिमार सहकारी संस्थांच्या ‘सिफ्स’ या महासंघानं म्हणूनच मोटर दुरुस्तीची केंद्रं काढली. तरीही घरोघरी एखादा पोरगा असा निघेच की जो नुसत्या आवाजावरून जेट की प्लग हे सांगेल. अमेरिकेतल्या घरगुती मिस्त्रीचे गोडवे गाणारी पुस्तकं निघाली. आपल्या किनाऱ्यावरच्या या पोरांवर कुणी पुस्तक लिहिलं नाही. कौशल्याची तुलना करायची तर पारडं त्यांच्याकडे झुकतं.

टू-स्ट्रोक आऊटबोर्डचा एक दोष सगळ्यांना माहीत होता आणि सगळ्यांनी दुर्लक्षिला होता. आत आलेल्या पेट्रोलपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त न जळताच एक्झॉस्टमधून सरळ पाण्यात जातो. तळ्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग दिसतो तो हाच. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं होडीच्या इंजिनांसाठी नियम केले आणि नव्या मोटरींतून निघणारं हे न जळलेलं इंधन टप्प्याटप्प्यानं तीन चतुर्थांशानं घटवायला सांगितलं. टाहो तळ्यावर तर १ जून १९९९ पासून कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींना मज्जावच झाला. कंपन्यांनी फोर-स्ट्रोककडे आणि थेट इंधन फवारणीकडे धाव घेतली. जॉन्सन आणि एव्हिनरूड या दोन्ही नावांची मालक असलेली आऊटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन या धावेत धापा टाकू लागली. फवारणीच्या नव्या मोटरींनी गिऱ्हाइकांना सुरुवातीला बराच त्रास दिला आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. नावं दुसऱ्यांनी विकत घेतली. २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचं उत्पादन कायमचं थांबलं. १११ वर्षं झाली होती.

नियम चुकीचे होते असं म्हणता येणार नाही. तळ्याचं पाणी पिणाऱ्यांचा हक्क मोठाच. पण त्यात घरच्या मिस्त्रीचं काय झालं हे लहान मोटरींत दिसतं. तिथे कार्बोरेटर अजून टिकून आहे, मात्र प्रदूषण वाढू नये म्हणून त्याचे जेट आणखी बारीक केलेत आणि मिश्रणाच्या स्क्रूवर कारखान्यातच टोपण ठोकून बसवलेलं असतं. १९५५ मध्ये जी मूठ मालकाच्या तोंडासमोर होती, तिच्या जागी आता मालकानं हात लावू नये म्हणून बूच आहे.

आणि मग आला तो लाख विरघळवणारा अल्कोहोल. २००५च्या कायद्यानंतर अमेरिकेत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल सर्रास झालं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि होडीवर हवेत पाण्याला काय तोटा! पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, पेट्रोल वर राहतं, आणि इंजिनाला नेमका तळचा घोट मिळतो. जुन्या रबरी नळ्या मऊ पडून त्यांचा चुरा जेटमध्ये जाऊ लागला. फायबरग्लासच्या काही टाक्यांची राळच सुटली. आणि पन्नास-साठ वर्षं सुखानं तरंगलेले कॉर्कचे फ्लोट लाखेचं पांघरूण गमावून बुडाले. बाऊल भरभरून वाहू लागले, आणि जुन्या मोटरींच्या शौकिनांना कळेना की एकाएकी झालं काय. आता ते कॉर्कला वेगळंच, इथेनॉलमध्ये न विरघळणारं लेपन करतात. पंधरा टक्के इथेनॉलचं पेट्रोल मात्र अमेरिकेत होडीच्या इंजिनात घालायला मनाई आहे. पंपावर तशी पाटीच असते.

आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि दोन वर्षांत देशभर पसरलं. होडीवाला पेट्रोल त्याच पंपावरून नेतो. रेशनचं रॉकेल आटत चालल्यानं अनेकांना पेट्रोलच्या मोटरीकडे वळावं लागतंय, ते वेगळंच. विस्कॉन्सिनला जसा बर्फ तसा आपल्या किनाऱ्याला पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पर्यटकांच्या होड्याही त्या दिवसांत काठावर ओढलेल्या असतात, आणि कित्येक मोटरी नारळी पौर्णिमेपर्यंत पडवीत टांगलेल्या.

तेव्हा ज्यांच्या पडवीत अशी मोटर आहे त्यांनी मे संपता संपता एवढं करावं. शेवटच्या फेरीनंतर पिंपात गोडं पाणी भरून मोटर त्यात चालवावी, पेट्रोलची नळी काढावी आणि इंजिन आपोआप विझेपर्यंत थांबावं. मग बाऊलच्या तळाचा स्क्रू सोडून राहिलेले थेंब काढून टाकावेत, मोकळ्या हवेत, विडीकाडीपासून लांब. एवढं करूनही ऑगस्टमध्ये कचरा अडकलाच, तर जेट काढून द्रावणात भिजत घालावा आणि हवा मारावी. स्टोव्हची पिन मात्र त्यात घालू नये. जेटचं भोक मापाचं असतं आणि पितळ मऊ. पिनेनं ते एकदा मोठं झालं की नवा जेट आणण्याशिवाय इलाज नसतो.